न मोजलेले मेंढे

माझी सगळी नोकरी मेंढरं मोजण्यात गेली. पशुधन पर्यवेक्षक म्हणजे लोकांच्या भाषेत डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या भाषेत डॉक्टर नसलेला माणूस. लस टोचायची, कानात बिल्ला मारायचा, मोजायचं आणि तक्ता भरायचा. एकतीस वर्षांत सुधाकर गुरसाळेच्या मोजणीत कुणी चूक काढली नाही, याचा मला चांगलाच ताठा होता. तो कसा उतरला ते सांगतो.

२०४१ सालच्या ऑक्टोबरात मी जत तालुक्यात शेवटची मोजणी करत फिरत होतो. माझ्या निवृत्तीला अजून आठ महिने होते. शेवटची होती ती मेंढरांची. तीन तालुक्यांतली सगळी माडग्याळी मेंढरं उचलून नेऊन संपवायची की नाही, हे सोमवारी समिती ठरवणार होती. पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच पाय, अशी ही देखणी जात. खरं तर निर्णय झाल्यातच जमा होता. माझ्या तक्त्यातल्या एका रकान्यात शून्य भरायचं तेवढं बाकी होतं. रकान्याचं नाव होतं, 'सहा महिन्यांत जन्मलेली नर कोकरं'.

ही वेळ का आली, ते सांगायला बारा वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा 'मेषकन्या' नावाचा प्रकल्प आला होता. नाव कुणी ठेवलं देव जाणे, राशिभविष्य वाचता वाचता सुचलं असावं. पण कल्पना फार हुशारीची होती. तीस-चाळीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, तरी निम्मी कोकरं नर जन्मतात. सगळ्या माद्याच झाल्या तर खांड, म्हणजे धनगराचा कळप, बघता बघता दुप्पट होईल, असा प्रकल्पाचा हिशेब होता.

यातलं विज्ञान सोपं आहे. मेंढीत एक्स गुणसूत्रांची जोडी असते, मेंढ्यात एक एक्स आणि एक वाय. मेंढ्याचे शुक्राणू तयार होताना निम्म्यांच्या वाट्याला एक्स येतो, निम्म्यांच्या वाट्याला वाय. एक्स पोचला तर मादी, वाय पोचला तर नर. शास्त्रज्ञांनी मेंढ्याच्या एक्सवर एक नवं जनुक बसवलं. हे जनुक एरवी झोपलेलं असे. शुक्राणू तयार होताना तेवढं ते जागं होई आणि वायवरची एक विशिष्ट खूण शोधून तिथं त्याचे तुकडे करी. वायवाले शुक्राणू मरत, एक्सवाले जगत. अशा मेंढ्याला लेकीच होत. लोकांनी त्याला 'लेकीवाला' म्हणायला सुरुवात केली आणि प्रकल्पाचं नाव सगळे विसरले.

धोका शास्त्रज्ञांना माहीत होता. लेकीवाल्याच्या प्रत्येक लेकीत ते जनुक उतरणार होतं आणि तिच्यामार्फत तिच्या निम्म्या मुलांत. म्हणून माहितीपत्रकात सातव्या कलमात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की लेकीवाल्याचे नातू पैदाशीला ठेवू नयेत. पण प्रकल्पानं मेंढे निवडले होते ते सगळ्यात देखणे. त्यांचे नातूही तसेच उमदे निघाले. पैदाशीचा मेंढा धनगर नाक आणि उंची बघून निवडतो, कलम सात बघून नव्हे. सहा वर्षांत तीन तालुक्यांत लेकीवाला नसलेला मेंढा औषधालाही उरला नाही. आता नरच जन्मेनात. जुने मेंढे म्हातारे होऊन मरायला लागले. बाहेरून मेंढा आणला तरी उपयोग नव्हता, कारण त्याला इथल्या मेंढीपासून झालेला प्रत्येक नर पुन्हा लेकीवालाच. हे लोण शेजारच्या जिल्ह्यांत जाण्याआधी सगळं मुळापासून संपवावं, असं समितीचं म्हणणं होतं. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात खोट काढता येत नव्हती.

आणि पहिला लेकीवाला मीच सरकारी गाडीतून बयाक्का सरगर हिच्या वाड्यावर नेऊन उतरवला होता. वाडा म्हणजे धनगराचा माळावरचा मुक्काम. दोन घोड्यांवर मावणारा संसार आणि मेंढरांभोवती जाळीचं वाघर. लोक बिचकत होते, तेव्हा बयाक्का सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, माझा भाऊ सांगतोय तर मी घेते. मी तिचा सख्खा भाऊ नव्हे. एका साथीत तिची खांड मी आठ दिवस तिथंच मुक्काम करून वाचवली होती, तेव्हापासून ती मला दर दिवाळीला ओवाळायची. तिनं घेतला म्हणून बाकीच्यांनी घेतला.

त्या शुक्रवारी मी तिच्याकडं सगळ्यात शेवटी गेलो. जाववत नव्हतं.

वाडा हलवायला बंदी होती. दसरा झाला की नदीकाठाला उतरणारी ही माणसं त्या वर्षी एकाच माळावर अडकून पडली होती आणि चारा संपत आला होता. बयाक्का साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली, बोलायला तिखट. तिनं नेहमीसारखं घोंगडं अंथरलं, तांब्या पुढं केला. मी मोजायला लागलो. एकशे सोळा माद्या, दोन म्हातारे लेकीवाले.

"आक्का, सहा महिन्यांत नर कोकरं किती?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"माझ्यात?" ती म्हणाली. "माझ्यात न्हाई."

मी शून्य लिहिलं आणि तिनं अंगठ्याचा ठसा यंत्रावर ठेवला. आता बुधवारपर्यंत ट्रक येतील, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चहा केला. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

चहा झाल्यावर ती उठली आणि वाघराच्या पलीकडं बोरीच्या सावलीत ठेवलेली डालगी उघडून तिनं एक कोकरू बाहेर काढलं. दोन-तीन दिवसांचं असेल. कपाळाला भंडारा लावलेला, उजव्या कानाला बारीक काप. ते काखेत घेऊन ती म्हणाली, बनात जाऊन येते, तुमी बसा हवं तर. बन म्हणजे बिरोबाचं बन, माळाच्या टोकाला असलेली लिंब-बाभळींची राई आणि तिच्यात दगडी देऊळ.

"हे मोजलं नाही मी," मी म्हणालो. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"हे माझं न्हाई, देवाचं हाय."

"बरं, देवाचं. मादी आहे ना?"

ती माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तशी बघायला लागली. "देवाला मादी कोण सोडतंय, भाऊ?"

मी कोकरू तिच्या हातातून घेतलं आणि उलटं करून पाहिलं. नर होता. मी पुन्हा पाहिलं. नंतर मी तिथंच खाली बसलो.

सगळी हकीकत मला त्या बोरीखाली कळली. सहा वर्षांपूर्वी नर जन्मायचे थांबले, तेव्हा तिनं बिरोबाला नवस केला होता: आमच्यात नर जन्माला घाल, होईल तो तुझा, आमच्यात नर पुन्हा नांदायला लागेपर्यंत. त्याच वर्षी तिच्या खांडीत एक नर झाला. देवाची खूण म्हणून तिनं त्याच्या कानाला काप दिला आणि तो बनात सोडला. शेजारच्या वाड्यांवरच्या बायकांनी हे पाहून तसाच नवस केला. पुढं कुणाकडं वर्षाला एक, कुणाकडं दोन असे नर होत गेले आणि ते सगळे बनात गेले. देवाचा मेंढा कुणी विकत नाही, कापत नाही, आणि मोजत तर मुळीच नाही. देवाचं मोजलं तर त्याची वाढ खुंटते, असं ही माणसं मानतात.

"मला का सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"तुमी इचारलं का? तुमी इचारलं, बयाक्का, तुझ्यात नर किती. माझ्यात न्हवतंच. खोटं सांगू व्हय सायबाला?" तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं. "आणि देवाचं सांगून करायचं काय? तेबी तुमच्या ट्रकात घालायला?"

सहा वर्षं मी त्या बनावरून मोटारसायकलनं जात होतो. रस्त्यावरूनच हेल्मेट काढून हात जोडत होतो आणि पुढं जाऊन तक्त्यात शून्य लिहीत होतो.

आम्ही दोघं बनात गेलो. दगडी कुंपणाच्या आत, लिंबाखाली, मेंढे बसले होते. मोठे, तरणे, मिसरूड फुटल्यासारखे दिसणारे, आणि मध्ये एक म्हातारा, शिंगं नसलेला, नाक सगळ्यांत बाकदार. तो बयाक्काचा पहिला. मी सवयीनं बोट उचललं, तसा धुळाप्पा पुजारी काठी टेकत पुढं आला आणि माझं बोट त्यानं खाली केलं.

"मोजायचं न्हाई," तो म्हणाला. "बघायचं तेवढं बघा."

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. तस्नीम मुजावर यांना मी तिथूनच फोन लावला. बाई मूळ मिरजेच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, आणि समितीत एकट्या त्यांनीच मेंढरं संपवायच्या विरोधात मत मांडलेलं. मी सांगितलेलं त्यांनी पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, गुरसाळेकाका, कुणाला काही बोलू नका, मी निघाले.

शनिवारी सकाळी त्या एक पेटी घेऊन बनात हजर झाल्या. पेटीत शुक्राणू तपासायचं यंत्र होतं. एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए वायवाल्यापेक्षा किंचित जास्त असतो, आणि तेवढ्या फरकावरून ते एकेक शुक्राणू वेगळा ओळखायचं. धुळाप्पानं अटी घातल्या. मोजायचं नाही, सुई लावायची नाही, मेंढा बनाबाहेर न्यायचा नाही. शुक्राणूंचा नमुना घ्यायला मात्र त्याची ना नव्हती. देवाच्या बकऱ्यानं मेंढीकडं जायचं न्हाई असं कुठं सांगितलंय, असं तो म्हणाला. धनगर मेंढ्यालाही बकराच म्हणतात. देवाच्या बकऱ्याला वाघर नसतं, तो ज्या खांडीत जाईल ती खांड भाग्याची. नमुना कसा घेतात हे माझं जुनं काम, पण देवाच्या दारात त्याचं वर्णन करत नाही. शिवाय तस्नीमबाईंनी प्रत्येक मेंढ्याचे चार केस उपटून एकेका पाकिटात घातले. मेंढे त्यांनी मोजले नाहीत. पाकिटं किती झाली ते गाडीत बसून मोजलं. बत्तीस.

आधी खात्री करायला बयाक्काच्या म्हाताऱ्या लेकीवाल्याचा नमुना यंत्रात घातला. पडद्यावर आकडे आले: एक्स नव्याण्णव, वाय एक. ते अपेक्षितच होतं. मग बनातल्या त्या पहिल्या मेंढ्याचा नमुना घातला. यंत्राला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत मी बिरोबाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

एक्स एक्कावन्न, वाय एकोणपन्नास.

दुसरा मेंढा, पन्नास आणि पन्नास. तिसरा, एकोणपन्नास आणि एक्कावन्न. तस्नीमबाई आकडे मोठ्यानं वाचत होत्या. त्यांनी मेंढ्याचे केस पेटीतल्या दुसऱ्या कप्प्यात घालून जनुकं वाचली. सगळ्यांच्या एक्सवर आमचं जनुक होतंच. त्याची कात्री चालूच होती. पण या मेंढ्यांच्या वायवर ती खूण बदललेली होती. कात्रीला कापायची जागाच सापडत नव्हती.

"म्हणजे देवानं केलं?" मी विचारलं. मी विज्ञानाचा माणूस, पण त्या घडीला मला दुसरं काही विचारता आलं नाही.

त्या हसल्या. पेटीवर बसून त्यांनी मला, बयाक्काला आणि धुळाप्पाला जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. नर आणि मादी निम्मे-निम्मे जन्मतात ते एक्स-वायच्या वाटणीमुळं, हे खरं. पण ती वाटणी लाखो वर्षं निम्मीच का राहते, हा खरा प्रश्न. चाळीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो तर निसर्ग इतके नर का घडवतो? तर त्याचं कारण असं, की कोकरू कुठलंही असो, त्याला बाप एकच आणि आई एकच. समजा शंभर मेंढ्या आहेत आणि मेंढे फक्त दोन. शंभर कोकरं झाली तर प्रत्येक मेंढीच्या वाट्याला एक येतं, पण प्रत्येक मेंढ्याच्या वाट्याला पन्नास. अशा वेळी जिला नर होतो, तिची नातवंडं सगळ्यांपेक्षा जास्त. ज्या बदलामुळं तो नर झाला, तो बदलही त्या नातवंडांबरोबर पसरत जातो. नर वाढत वाढत माद्यांच्या बरोबरीला आले की हा फायदा संपतो. माद्या दुर्मीळ झाल्या तर गाडी उलट्या बाजूनं तशीच परत येते. माणसांतसुद्धा, आपण मध्ये हात घातला नाही तर, शंभर मुलींमागं शंभर-एकशे पाच मुलगेच जन्मतात.

बयाक्का लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे जे कमी, त्याचंच बी जास्ती," ती म्हणाली.

"अगदी तेच, आजी. वायवर असे बारीक बदल अधूनमधून होतच असतात. एरवी असा मेंढा हजारांत हरवून गेला असता. पण इथं दुसऱ्या कुणाला मुलगेच होत नव्हते. त्यामुळं हा बनातून अधूनमधून खांडींत शिरला, आणि इथला प्रत्येक नर याचा मुलगा किंवा नातू आहे. आम्ही गणितात हे धरलं होतं, पण असा बदल यायला पन्नास वर्षं लागतील असं वाटलं होतं. आला असता तरी तो नर वर्षभरात खाटकाकडं गेला असता."

खाटकाकडं गेला नाही, कारण त्याच्या कपाळाला भंडारा होता. हे वाक्य कुणी बोललं नाही, पण धुळाप्पानं मिशीवरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी मी तक्ता भरायला बसलो. नुसता नमुन्यांचा अहवाल पाठवून भागणार नव्हतं. माझ्याच सहीचे सहा वर्षांचे तक्ते समितीपुढं होते आणि त्या सगळ्यांत शून्य होतं. एक तर अहवाल खोटा किंवा मी खोटा. साहेबांनी फोनवर सुचवून पाहिलं, की मेंढपाळांनी माहिती दडवली असं लिहा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. आठ महिने राहिलेत, पेन्शनचा विचार करा. मी विचार केला. मला भीतीही वाटली, नाही म्हणत नाही. पण दडवलं असं लिहिलं तर बयाक्कावर खटला उभा राहिला असता. मी लिहिलं, 'गेल्या सहा वर्षांतील माझ्या तक्त्यांत नर कोकरांची संख्या चुकीची आहे. मेंढपाळांनी खरे उत्तर दिले. प्रश्न चुकीचा विचारला गेला. जबाबदारी माझी.' सही केली आणि पाठवून दिलं. एकतीस वर्षांचा ताठा तिथं उतरला, आणि गंमत म्हणजे त्याचं मला वाईट वाटलं नाही.

सोमवारी अध्यक्षांनी मला विचारलं, बनात मेंढे नक्की किती आहेत. मी म्हणालो, ते सांगता येणार नाही, पाकिटं बत्तीस आहेत. कुणीतरी हसलं आणि हवा जरा सैल झाली. दोन तास वाद झाला. शेवटी ट्रक थांबले, वाडे हलवायची बंदी तेवढी सैल झाली आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. लेकीवाले बाजूला बांधून ठेवायचे आणि बनातले मेंढे खांडींत फिरू द्यायचे. चैत्रात मेंढ्या व्यायल्या, की मेंढपाळांच्या मालकीच्या खांडींत नर कोकरं मोजून दाखवायची. निम्म्याच्या आसपास भरली तर आदेश रद्द, नाहीतर ट्रक. मोजणी पुन्हा माझ्याकडंच आली. शिक्षा म्हणून की विश्वास म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

अट ऐकून सगळे खूश झाले, पण मला झोप लागेना. नर होणार याबद्दल मला शंका नव्हती, यंत्रानं ते सांगितलंच होतं. माझी शंका वेगळी होती. होईल तो नर देवाचा, असा घराघरांतून नवस होता. चैत्रात शंभर नर झाले आणि शंभरही बनात गेले, तर माझ्या तक्त्यात काय येणार होतं? पुन्हा शून्य. तस्नीमबाईंनी 'देवाची' असा वेगळा रकाना सुचवला. धुळाप्पा म्हणाला, रकान्यात घातलं म्हंजे मोजलंच की. आणि नवस मोडा, असं बयाक्काला सांगायचं माझं तोंड नव्हतं. एकदा माझ्या शब्दावर तिनं लेकीवाला घेतला होता. आता पुन्हा माझ्या शब्दावर देवाशी वाकडं घे, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मी दिवाळीत गेलो, तिनं ओवाळलं, आणि मी त्याबद्दल एक अक्षर न बोलता परत आलो.

सबंध हिवाळा देवाचे मेंढे खांडींतून फिरले. कपाळाला भंडारा लावलेला मेंढा वाघरात शिरला की बायका त्याच्या पायावर पाणी घालायच्या.

पाडव्यानंतर चार दिवसांनी मी तक्ता घेऊन माळावर गेलो. उन्हं चढायची होती. बयाक्काच्या वाड्यावर तीन मेंढ्या व्यायलेल्या दिसल्या. दोघींपाशी कोकरं होती, दोन्ही माद्या. तिसरी नुसतीच ओरडत होती. तिची कास भरलेली होती, पण कोकरू जवळ नव्हतं. बयाक्काही नव्हती. तिची सून म्हणाली, आत्याबाई फाटेच बनात गेल्यात, कोकरू घिऊन.

मी मटकन घोंगड्यावर बसलो. संपलं, असं वाटलं. सून चहा ठेवायला उठली, तिला मी नको म्हणालो. तक्ता उघडून समोर ठेवला. मालकाचं नाव, सरगर बयाक्का. माद्या, दोन. नरांच्या रकान्यापाशी पेन टेकवलं आणि तसंच धरून बसलो. शून्य काढायला हात वळत नव्हता.

तेवढ्यात तिसऱ्या मेंढीनं मान वर केली आणि जोरात हाक घातली. माळाच्या टोकाकडून बयाक्का येत होती. घाईनं, धापा टाकत, पदर खोचलेला. तिच्या काखेत कोकरू होतं. कपाळाला भंडारा लावलेला. मी आधी कान बघितला. कानाला काप नव्हता.

तिनं कोकरू खाली ठेवलं. ते धडपडत मेंढीच्या पोटाखाली गेलं आणि शेपटी हलवत प्यायला लागलं. बयाक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर बसली.

"देवाला दावून आणला," ती म्हणाली. "त्याला म्हनलं, सहा वर्सं तू राखलंस. आमच्या हातनं बिघडलं ते तू सावरलंस. आता नर नांदाय लागलं, नवस फिटला. हितनं फुडं आमी राखतो."

"आणि देव काय म्हणाला?"

"धुळाप्पानं कौल लावला. उजवं फूल पडलं." तिनं माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. मी ते अजून तसंच टेकवून धरलं होतं आणि कागदावर शाईचा ठिपका पडला होता. "बसलाय काय असं, भाऊ? लिवा की. माझ्यात नर एक."

मी एक लिहिला. मग मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, आणि साठीला आलेला सरकारी माणूस सुनेसमोर रडतोय याची लाजसुद्धा वाटली नाही. बयाक्कानं पाठीवर हात ठेवला नाही की काही समजूत घातली नाही. सुनेला म्हणाली, भाऊला पाणी दे, आणि त्या बंडगराच्या वाड्यावर निरोप धाड, कान कापू नगा म्हणावं, मोजायला येतोय माणूस.

महिना संपेपर्यंत मी तीन तालुके फिरलो. माळावर जिथं जाईन तिथं बायका आपणहून मोजून दाखवत होत्या. तक्ता पुरा झाला तेव्हा बेरीज तीनदा केली. नर सहाशे चार, माद्या सहाशे एकोणीस. अध्यक्षांनी आकडे बघितले आणि आदेश रद्द केला.

मी जूनमध्ये निवृत्त झालो. बनातले मेंढे अजून आहेत. किती, ते मला माहीत नाही.